कॅल्गरी ते नागपूर, अकरा तास वीस मिनिटं

दोरा पुन्हा घसरला.

हिमालयापाशीच घसरतो – तिथं पृथ्वीच्या गोळ्याचा कागद ओल येऊन फुगलाय – म्हणून सिंधूताईंनी डाव्या हाताचा अंगठा तिबेटावर दाबून धरला आणि उजव्या हातानं दोरा वर नेला, आणखी वर, रशियाच्या त्या उजाड पट्ट्यावरून जिथं एकाही गावाचं नाव छापलेलं नाही, पृथ्वी ज्या खिळ्यावर फिरते त्या खिळ्याच्या दोन बोटं बाजूनं, आणि पलीकडे खाली उतरवला, कॅनडात, पेन्सिलच्या ठिपक्यापर्यंत. ठिपका नवऱ्यानं, आनंदरावांनी काढलेला, कारण गोळ्यावर कॅल्गरी नव्हतं. नागपूरही नव्हतं. तिथं त्यांनी बायकोच्या आरशावरची टिकली काढून चिकटवली होती, आणि मागे सरकून, डोकं तिरपं करून म्हणाले होते, ‘आता कसं, आपलं गाव दिसते तरी!’

दोऱ्यावर नखाची खूण. दोरा पट्टीवर. अठ्ठावीस सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. एका सेंटिमीटरला चारशे एकवीस किलोमीटर, हेही त्यांनीच काढून ठेवलेलं, गोळ्याच्या लाकडी बुडाखाली, बॉलपेननं. गुणाकाराला सिंधूताईंना वेळ लागला. अकरा हजार आठशे बहात्तर... अकरा हजार नऊशे म्हणू.

“आई, तू सकाळपासून तो गोळा काहून घेऊन बसली वं?” मायानं विचारलं. ती डबा पिशवीत कोंबत होती. उद्याच्या कार्यक्रमासाठी दोन दिवस माहेरी राहायला आलेली, पण आजची सुट्टी मिळाली नव्हती. हिंगण्याच्या कंपनीची बस चौकात सव्वाआठला येते आणि कुणासाठी थांबत नाही.

“बाबाची वही पुरी करून राहिली.”

“कोनती वही?”

“प्रवासाची. एकच ओळ राह्यली.”

मायाचा हात पिशवीच्या बंदावर क्षणभर थांबला. मग ती म्हणाली, “राहू दे ना. बाबाले थोडीच वाचायची आहे आता?”

“मले वाचायची आहे,” सिंधूताई म्हणाल्या. बाहेर कुणाची तरी स्कूटर निघाली होती, तिच्या मागे बसून माया गेलीसुद्धा.

आनंदराव बसखात्यात मार्ग मोजायचे. नवी बस कुठं सुरू करायची तर आधी हे जीप घेऊन जाणार, गाव ते गाव अंतर काढणार, सहा किलोमीटरला एक टप्पा पाडणार, त्यावर तिकीट ठरणार. तीस वर्षं तेच केल्यावर माणसाला दुसरं काही दिसेनासं होतं. लग्नाच्या बसपासून – पारशिवनी ते नागपूर, सिंधू, माहेरहून – घरातल्या कुणीही केलेला कुठलाही प्रवास त्यांनी या वहीत आखून ठेवला होता. कोण, कुठून, कुठं, अंतर, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, लागलेला वेळ. माया बाळंतपणाला आली ते. सिंधूताई डोळे दाखवायला गेल्या ते. चार वर्षांपूर्वी मुलगा प्रशिक नोकरीसाठी कॅनडाला गेला ते – ११,९००, दोऱ्याने. एकतीस तास चाळीस मिनिटं – आणि समासात, बारीक अक्षरात, जवळजवळ दोन हजार टप्पे.

आणि मग मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत वही थांबली, कारण लिहिणारा थांबला. उद्या एक वर्ष. उद्या अंगणात मंडप, भन्तेजी येणार, त्रिशरण-पंचशील होणार, चार माणसं चार शब्द बोलणार, आणि मोठ्या पडद्यावर प्रशिक. कॅनडातून. वस्तीतला पहिला मुलगा जो इतका लांब गेला. त्याच्याकडे बोट दाखवून किती पोरांना अभ्यासाला बसवलं या वस्तीनं... तर सिंधूताईंच्या मनानं घेतलं होतं की फोटोपुढं वही ठेवायची, आणि ठेवायची ती पुरी करून. शेवटची ओळ. बाप गेल्याचं कळताच मुलगा आला, तो प्रवास. तो लिहायला हवाच होता. तो तर सगळ्यात मोठा.

कोण: प्रशिक. कुठून: – हे मागाहून, वळणदार लिहू. कुठं: नागपूर, घर. अंतर: ११,९००. निघाल्याची वेळ:

काल संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी. हे साऱ्यांना पाठ होतं. तिकडे अजून काल होता ना. बाप गेल्याच्या सकाळी मायानं फोन केला तेव्हा तिकडे कालची संध्याकाळ होती, आणि आजच्या संध्याकाळी तो दारात उभा; चोवीस तास, विमानाला काय लागतं! आनंदरावांभोवतीच्या बर्फाच्या लाद्यांपाशी बसलेली माणसं तेच सांगत होती एकमेकांना, जणू काल अजून शिल्लक असलेल्या देशात राहिल्याचा हा फायदाच होता, एक दिवस जास्तीचा हातात...

सिंधूताईंनी ‘का’ लिहिला. ‘ल’ लिहायला पेन टेकवलं.

वहीच्या पहिल्या पानावर, वर, लाल शाईत, खाली दोन रेघा ओढून: दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या.

हा त्यांचा नियम. दोन गावांची दोन घड्याळं कधी जुळत नाहीत, म्हणायचे. निघताना या भिंतीवर पाहिलं आणि पोचल्यावर त्या भिंतीवर, की झाला घोटाळा – दहा मिनिटांची वाट पंचवीस मिनिटांची होते. मनगटावरचं घड्याळ तेवढं खरं, कारण ते आपल्यासोबत चालतं. दोघांनी कुठं जायचं तरी आधी नवरा घड्याळ पाहणार, बायको चपला घालून ताटकळत.

कालची संध्याकाळ, ती तिकडच्या भिंतीवरची. आजची संध्याकाळ, ती इकडच्या.

मग एकाच घड्याळाची... माझ्या. माझ्या घड्याळात मायानं फोन लावला तेव्हा सकाळचे सहा वीस. डॉक्टर सहाला म्हणाले, संपलं. मायाचं बोट फोनवर लागत नव्हतं, मीच लावून दिला. सहा वीस. आणि तो आला तेव्हा अंगणातून रुपरावजी ओरडले, ‘पाच चाळीस! सहाच्या आत आला पोरगा!’ – कारण घाटावर सहाला निघायचं ठरलं होतं, त्याच्यासाठी ताणून ताणून सहा.

सात वीस, आठ वीस, नऊ वीस. बोटं. दहा, अकरा, बारा वीस. दुसऱ्या हाताची बोटं. एक, दोन, तीन, चार, पाच वीस.

अकरा. वर वीस मिनिटं.

पुन्हा.

अकरा. वर वीस मिनिटं.

विमान ताशी नऊशे जातं. अकरा हजार नऊशेला तेरा तास. तेही हा दोरा ताणलाय तसं, सरळ, त्या खिळ्याच्या बाजूनं, न थांबता, न उतरता – तसं कुठलं विमान नागपूरला येत नाही. जाताना त्याला एकतीस तास लागले. येताना अकरा.

सिंधूताई उठल्या. कशासाठी उठल्या ते त्यांना कळेना. भिंतीला हात लावला, भिंत होती. स्वयंपाकघरात गेल्या, माठावरचं झाकण उचललं, पाण्याकडे पाहिलं, झाकण ठेवलं. शंभर माणसं होती त्या दिवशी अंगणात. दोन मास्तर होते. एक इंजिनीअर होता. आणि मी – मार्ग मोजणाऱ्याची बायको – मी त्या दिवशी त्याचं डोकं छातीशी धरून ‘इतक्या दुरून आला माझा बाबू, इतक्या दुरून’ म्हणत होते, आणि तो ‘नको ना आई, नको ना’ म्हणत होता.

कशाला नको म्हणत होता?

आता एकेक दिसायला लागलं, न बोलावता, अंधारात डोळे सरावल्यावर भांडी दिसतात तसं. पायात चपला होत्या. बर्फाच्या देशातून आलेल्या मुलाच्या पायात, अंगठ्याच्या, घरात घालायच्या चपला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मान उन्हानं रापलेली – मला वाटलं, वाळला, दगदगीनं काळा पडला. बॅग एकच, पाठीवरची, शाळेच्या पोरासारखी. मला वाटलं, घाईत काय भरणार. घ्यायला कुणी येऊ नका म्हणाला होता, मी येतो. मला वाटलं, समजूतदार आहे. जे जे दिसलं त्याला मी माझ्याजवळचं कारण चिकटवलं. माझ्याजवळ कारणांची काय कमी. आईकडे असतातच.

बाराच्या सुमाराला रुपरावजी आले. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, आनंदरावांचा जिवाभावाचा मित्र, फाटकापासूनच बोलत येणारा.

“जय भीम, वहिनी! मंडपवाल्याले शंभर खुर्च्या सांगितल्या, तो साठ घेऊन येऊन राहिला. म्हटलं, अबे, साठात तर आमचे रिटायर ड्रायव्हरच बसतील, बाकीच्यायले काय तुझ्या मांडीवर बसवू?”

सिंधूताई हसल्या. म्हणजे तोंड हसलं.

“अन् पडदा मोठा सांगितला. प्रशिक असा दिसला पाहिजे – असा!” त्यांनी दोन्ही हात पसरले. “पोट्टे येणार आहेत सारे. त्यायले दाखवतो, पाहा लेकहो, मोबाइलात तोंड घालून कोणी कॅनडाले जात नाही.”

“रुपरावजी, त्या दिवशी तो कितीक तासात आला होता?”

“चोवीस! मीच तर सांगितलं होतं साऱ्याले, तुमचं ध्यान कुठं होतं तेव्हा. तिकडे कालची संध्याकाळ, इकडे आजची. बरोबर चोवीस. दुसरा एखादा बसला असता तिथंच रडत, हा उठला अन् निघाला.” त्यांचे डोळे पाणावले. “आनंदरावचं नशीब, वहिनी. लेकाचा खांदा भेटला. काहून विचारलं?”

“वहीत लिहायचं होतं.”

“मग लिवा ना चोवीस! मोठ्या अक्षरात लिवा.”

सांगावं असं आलं होतं ओठांवर. तुम्ही बस घेऊन रामटेकला जाताना निघायची अन् पोचायची वेळ कुठल्या घड्याळात पाहत होता, एवढंच विचारलं असतं तरी त्या माणसाच्या तोंडावरचा रंग उतरला असता. पण तो रंग इतका खरा होता... एक वर्ष हा माणूस चहाच्या टपरीवर, लग्नात, बँकेच्या रांगेत ही गोष्ट सांगत फिरलाय. त्याच्यापुरती ती घडलेलीच आहे.

ते गेल्यावर सिंधूताई पुन्हा गोळ्याजवळ बसल्या. राग येईल असं वाटत होतं, त्याची वाट पाहत बसल्या. राग आला नाही. आलं ते भलतंच – जुनी सवय. अकरा तासांचा दोरा केवढा?

विमानतळावरचे तास सोडले, आठ तास विमानाचे धरले, तरी... टिकलीवर एक टोक दाबून दुसरं टोक त्यांनी गोल फिरवलं. दुबई आत आलं. सिंगापूर आलं. अरबस्तान सगळं. मग त्यांना सुचलं की विमानानंच आला असेल कशावरून? दोरा आखूड केला. मुंबई. पुणे. बंगलोर. आणखी आखूड: हैदराबाद, तिथून बस आहे, रात्रंदिवस आहे. भोपाळ. रायपूर. जबलपूर. दोरा आवळत गेला तरी काही अडत नव्हतं. लांब असायला हद्द होती. जवळ असायला काही हद्दच नव्हती. वर्तुळ लहान होत होत टिकलीएवढं झालं, आणि टिकलीखाली लकडगंज होतं, सीताबर्डी होती, हिंगणा होतं, हे घर होतं.

घाबरून त्यांनी हात काढून घेतला.

चार वर्षांतला किती काळ तो तिकडे नव्हता? पहिल्यापासून? नाही – जाताना तर आम्ही गेलो होतो पोचवायला, काचेतून हात हलवला होता, पोचल्याबरोबर फोन आला होता, बर्फात उभा राहून काढलेला फोटो आला होता. मग कधी? नोकरी सुटली? काढलं? आजारी होता? कुणाशी काही...? आणि परत आल्यावर पाय घराकडे वळला नाही, का? आम्ही काय केलं असतं? – काहीतरी केलं असतंच, हेही त्यांना माहीत होतं. कुणी रागावलं नसतं. सगळ्यांनी फक्त पाहिलं असतं. चहा घेऊन येता-येता, काय बाबू, आला काय परत, एवढंच. पण त्या एवढ्याशाला... ज्याच्याकडे बोट दाखवून पोरांना अभ्यासाला बसवलं, त्याच्याकडे तेच बोट.

आणि मी? मी काय पाहिलं असतं?

एक गोष्ट तर होतीच, आणि ती आता उन्हासारखी अंगावर आली: आजवरचं दुःख सोपं होतं. सोसायला ते बरं होतं. प्रशिकची आठवण यायची ती त्या खिळ्यावरून, बर्फावरून, दोन हजार टप्प्यांवरून यायची; येईपर्यंत थकून, मवाळ होऊन यायची. अंतर होतं ना मध्ये. अंतराला दोष देता येत होता. आता अंतर कुणीतरी मधून काढून घेतलं होतं, आणि मुलगा तसाच दूर होता.

ऊन भिंतीवरून सरकत होतं. मंडपवाले आले, बांबू टाकून गेले. सिंधूताईंनी त्यांना पाणी दिलं, खड्डे कुठं खणायचे ते दाखवलं, कढीपत्त्याचं झाड वाचवा म्हणून सांगितलं. सारं नीट केलं. आणि खड्डा खणणाऱ्या पहारीच्या आवाजात, धप... धप... कुठल्याशा धपवर त्यांना ते कळलं.

तो चुकला होता.

लपवायचंच असतं तर त्यानं थांबायला हवं होतं. हुशार मुलगा, गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव घेणारा. त्याला माहीत होतं की कॅल्गरीतून माणूस अकरा तासांत येत नाही. दुसऱ्या दिवशी आला असता – निवांत, बूट घालून, जाड कोट हातावर टाकून – तर कुणाला कधीच कळलं नसतं. सगळ्यांनी म्हटलं असतं, बिचारा, पोचू शकला नाही, दूर आहे ना. बाप तर गेलाच होता, एक दिवस थांबायचं, एवढंच काम होतं. पण फोन आला आणि तो उठला. पायात होत्या त्या चपलांनिशी उठला. हिशोब केलाच नाही त्यानं. किंवा केला आणि... धप... आणि तरीही आला. जे एवढं जपलं, ते उधळून आला. शंभर माणसांमध्ये उभा राहिला, कुणीही कधीही मोजू शकेल अशी अकरा तास वीस मिनिटं अंगावर घेऊन, आणि कुणी मोजली नाहीत.

नको ना आई, नको ना.

साडेसहाला माया परतली. पाय धुऊन आत आली, बांबूंकडे पाहून बरं झालं म्हणाली. गोळा अजून पलंगावरच होता, दोरा त्यावर वेडावाकडा पडलेला, वही उघडी. माया वहीवर वाकली. ‘का’ – त्यावर काट, आणि पुढं सकाळचे सहा वीस. मग तिनं पोचल्याची वेळ वाचली. मग लागलेला वेळ, तो सिंधूताईंनी लिहून टाकला होता, आकड्यांत.

तिनं वही हळूच मिटली.

“आई.”

“काय वं?”

“उद्याचं होऊन जाऊ दे. मग बोल त्याच्याशी.”

सिंधूताईंनी तिच्याकडे पाहिलं. कशाबद्दल, असं मायानं विचारलं नव्हतं. हे काय लिहिलं, तेही विचारलं नव्हतं. ती ओढणीनं तोंड पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती.

“तुले माहीत होतं.”

“नंतर माहीत झालं. घाटावरून आल्यावर... त्याच्या शर्टाच्या खिशात बसचं तिकीट होतं. मी धुवायले टाकला तेव्हा दिसलं.”

“कुठलं?”

“आई, मी वाचलं नाही. खरंच सांगून राहिली. हातात घेतलं, अन् चुरगळून टाकलं. वाचलं असतं तर मले माहीत झालं असतं ना वं!”

एक वर्ष ही पोरगी ते न वाचलेलं तिकीट घेऊन हिंगण्याच्या बसमध्ये बसत होती, उतरत होती.

सातला फोन वाजला. वाजणारच होता, उद्याचं ठरवायला. मायानं फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर अंगणात जाऊन बांबूंपाशी उभी राहिली, पाठ करून.

पांढरी भिंत. भिंतीपुढं प्रशिक. दाढी थोडी वाढलेली.

“जय भीम, आई. मंडप झाला काय?”

“होऊन राहिला. रुपरावजीनं मोठा पडदा सांगितला.”

“बाप रे! माझं नाक केवढं दिसंन त्यात.”

सिंधूताई हसल्या. या वेळी खरंच हसू आलं, याचंच त्यांना नवल वाटलं. “तिकडे किती वाजले?”

“साडेसहा. सकाळचे.” इतक्या पटकन, इतकं नेमकं. एवढ्या वर्षांचा सराव. रोज उठून साडेबारा तास वजा करत असेल, चूळ भरण्याच्या आधी.

“बर्फ?”

“आहे ना. घोट्यापर्यंत.”

विचारायचं नव्हतंच काही. उद्याचं होऊन जाऊ दे, हे त्यांनी मनात धरलं होतं, धरून ठेवलं होतं. आणि तरी संध्याकाळच्या सातला आई मुलाला जे विचारते तेच, कसलाही डाव नसताना, तोंडातून गेलं –

“जेवला काय?”

“नाही अजून. बसतोच आता –”

आणि थांबला.

पांढऱ्या भिंतीवर काही हललं नाही. त्याचे डोळे पडद्यावरच होते, आईकडे. आणि तिचे त्याच्याकडे. सकाळच्या साडेसहाला जेवण. कुणी काही सावरलं नाही. आता तो काहीतरी म्हणेल – नाश्त्याला म्हणायचं होतं मले, असं काहीतरी – आणि ते ऐकून घ्यावं लागेल, अशी भीती सिंधूताईंना वाटली. तो म्हणाला नाही. त्याचा खालचा ओठ तेवढा, तिसरीत असताना पाटी फोडून आला होता तेव्हा जसा, आत गेला.

“जेव मग,” सिंधूताई म्हणाल्या.

आणि स्वतःचा आवाज ऐकून चकित झाल्या. कॅनडाशी त्या आजवर ओरडूनच बोलत आल्या होत्या, घसा ताणून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा, आवाजालाही तेवढं अंतर कापायचंय असं धरून. आत्ताचा आवाज त्यांनी केलेला नव्हता. तो आपोआप खाली उतरला होता, खूप खाली, शेजारच्या अंथरुणावर कुणी जागंच आहे असं अंधारात कळल्यावर निघतो तेवढा.

“ऐकू आलं काय?” तितक्याच हळू त्यांनी विचारलं.

“आलं,” तो म्हणाला. तोही हळूच.

आणि फोन कुणीच ठेवला नाही.